जीवनसत्त्वांची गोळी आणि खर्ऱ्याची पुडी

सुशिक्षित कुटुंबांच्या जेवणाच्या जागीं, लोणच्याच्या बरणीशेजारीं, गेल्या कांहीं वर्षांत एक नवी बाटली येऊन बसली आहे. तिच्यांत जीवनसत्त्वांच्या व खनिजांच्या गोळ्या असतात. घरांतील वडील माणसें सकाळच्या चहाबरोबर त्यांतील एक घेतात, आणि 'ही कशासाठीं?' असें कोणीं विचारिलें तर 'कांहीं होऊं नये म्हणून' असें उत्तर मिळतें. हें 'कांहीं' म्हणजे काय, याचा उच्चार सहसा होत नाहीं. परंतु ज्या घरांतून कर्करोगानें एखादें माणूस नेलें आहे तेथें त्या शब्दाचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. गोळीनें कर्करोग टळतो काय, हा प्रश्न वैद्यांनीं केवळ तर्कानें सोडविलेला नाहीं. त्यासाठीं हजारों माणसांनीं वर्षानुवर्षें गोळ्या गिळल्या आणि त्यांच्या मरणांची मोजदाद झाली. त्या मोजदादीचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों. आणि तो सांगतांना आमची नजर चंद्रपूर व गडचिरोली ह्या अरण्यप्रदेशाकडे राहणार आहे. अन्ननलिकेच्या वाटेवर माणूस काय काय घालतो, तें त्या मुलखांत अगदीं उघड्यावर, रस्त्याच्या कडेला मांडलेलें दिसतें.

पूर्वींचा चांदा जिल्हा म्हणजे गोंड राजांची भूमि. १९६४ मध्यें चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील अरण्यमय भाग वेगळा काढून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती ह्या नद्या, साग-बांबूचीं रानें, मोहाचीं झाडें, धानाच्या बांध्या आणि उन्हाळ्यांतील तेंदूपानांचा हंगाम हें ह्या प्रदेशाचें परिचित चित्र होय. आज मात्र येथून जाणाऱ्या प्रवाशास गांवाच्या फाट्यावर प्रथम दिसते ती पानटपरी. टपरीवाला सुपारीचा चुरा, तंबाखू व ओला चुना प्लास्टिकच्या पन्नींत घालून तें मिश्रण जोरजोरानें घोटीत असतो. घर्षणानें त्यास ऊब येते, तें ओलसर व मऊ होतें, आणि पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातीं पडते. हाच विदर्भांतील खर्रा. तो मजूर खातो, शेतकरी खातो, कचेरींतील बाबू खातो, शाळेंतील पोरगाहि खातो. विशेष हें कीं, ह्यांतील सुपारी त्या रानांत पिकत नाहीं. जें अरण्य मोह, चारोळी, तेंदू, बेहडा आणि नाना प्रकारच्या रानभाज्या फुकट देतें, त्या अरण्यांतील माणूस शेंकडों कोसांवरून आलेली सुपारी रोख पैसे मोजून विकत घेतो.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वीतभराहून किंचित् मोठी, लवचिक नळी. तिचा गुण हाच तिचा दोष आहे. ती ताणली जाते, म्हणून आंत गांठ वाढूं लागली तरी पुष्कळ काळ घांस खालीं उतरत राहतो. भाकर अडकूं लागते तेव्हां माणूस भात खातो, भात अडकला कीं पेज पितो. आणि पेजहि उतरेनाशी झाली म्हणजे दवाखान्याची वाट धरतो. तोंवर रोग नळीच्या भिंतीबाहेर पसरलेला असतो. म्हणूनच हा रोग होऊं न देण्याचा विचार वैद्यांस इतका मोलाचा वाटत आला.

महाराष्ट्राच्या बाजूनें ह्या विचाराचा आरंभ मुंबईस झाला. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें आणि तेथील प्रयोगशाळा डॉक्टर वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हातीं आली. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहणें हा त्यांचा धर्म. परंतु पेशी कोणाची, तो कोठला, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, हें विचारल्यावांचून त्यांचें समाधान होत नसे. १९४४ मध्यें त्यांनीं मुंबईंतील मुखकर्करोगाच्या ओळीनें आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं १९३३ मध्यें त्रावणकोरांतील नेय्यूर येथील ऑर नांवाच्या शस्त्रवैद्यानें तांबूल चघळण्याचा व मुखकर्करोगाचा संबंध 'लॅन्सेट' पत्रांत मांडला होता. १९५५ मध्यें संघवी, राव व खानोलकर ह्या तिघांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत तंबाखू ओढणें व चघळणें आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचे कर्करोग ह्यांच्यावर लेख लिहिला. रोग्यांस व निरोग्यांस शेजारीं शेजारीं बसवून संवयींची तुलना करण्याची ही पद्धत त्या काळीं नवी होती, आणि आपल्याकडे ती इतक्या लवकर वापरली गेली ह्याचा अभिमान आपणांस असावयास हरकत नाहीं. पुढें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें तंबाखूयुक्त तांबूल १९८५ मध्यें, आणि नुसती सुपारीहि २००४ मध्यें, कर्करोगकारक ठरविली. मद्य १९८८ मध्येंच त्या यादींत गेलें होतें.

येथपर्यंत दोष कोठून येतो हें सांगणारी परंपरा झाली. तिच्या शेजारून दुसरी एक परंपरा वाहत होती, ती उणिवेची. १९१२ मध्यें फुंक नांवाच्या पोलिश शास्त्रज्ञानें 'व्हिटामिन' हा शब्द घडविला. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस हे रोग कांहीं बाहेरून आल्यानें नव्हे, तर आंत कांहीं न आल्यानें होतात, ही कल्पना वैद्यकांत एकदम उजेड पाडणारी ठरली. निलगिरींतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅकॅरिसन व त्यांच्यामागून एक्रॉइड ह्यांनीं हिंदी आहाराचें पृथक्करण केलें. त्याच प्रयोगशाळेंत कांहीं काळ काम केलेल्या कमला सोहोनी ह्यांनीं पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत, राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून, नीरेचा अभ्यास केला. आदिवासी मुलें व गर्भवती स्त्रिया ह्यांस नीरेपासून जीवनसत्त्वें व लोह मिळून त्यांची प्रकृति सुधारते असें त्यांनीं दाखविलें. रानांतल्या झाडाचा रस रानांतल्या माणसास द्यावा, ह्या विचारांतील साधेपणा आम्हांस आजहि मोह घालतो.

कर्करोगाच्या बाबतींत उणिवेचा सिद्धान्त सर्वांत सबळ दिसला तो स्वीडनमध्यें. तेथील पुष्कळ स्त्रियांस रक्तक्षय असे, जीभ गुळगुळीत होई आणि घांस गळ्यांत अडे. १९३६ मध्यें आल्बोम नांवाच्या डॉक्टरानें दाखविलें कीं, मुख, घसा व अन्ननलिकेचा वरचा भाग ह्यांचे कर्करोग झालेल्या स्त्रियांत हा जुना विकार फार मोठ्या प्रमाणांत आढळतो. पुढें त्या देशांत पिठांत लोह मिसळण्याची चाल पडली, आहार सुधारला, आणि तो विकार दुर्मिळ झाला. लोहाच्या उणिवेनें घशाची त्वचा दुबळी होते आणि दुबळ्या त्वचेवर कर्करोग लवकर बसतो, हा धडा त्यांतून निघाला. गडचिरोलीच्या स्त्रियांतील पांडुरोग पाहिला म्हणजे हा धडा आठवल्यावांचून राहत नाहीं. मात्र त्या मुलखांतला सगळा पांडुरोग लोहाच्या अभावाचा नव्हे; सिकलसेल नांवाचा आनुवंशिक रक्तविकार तेथील कित्येक जमातींत आहे, आणि तो लोहाच्या गोळीनें बरा होत नाहीं. एकच गोळी सर्वांस वाटून मोकळें होण्याची घाई तेथें चालणार नाहीं.

आतां मुख्य कथेकडे वळूं. ती चीन देशांतील होनान प्रांतांत, ताइहांग पर्वताच्या पायथ्याशीं, लिन्शिएन नांवाच्या तालुक्यांत घडली. जगांत अन्ननलिकेचा कर्करोग जेथें सर्वांत अधिक, अशा ठिकाणांत ह्याची गणना होती. ह्या मुलखांत तीन वाटा बंद आहेत, अशी तेथें म्हण पडली होती: पाण्याची वाट, रस्त्याची वाट आणि गळ्याची वाट. पाण्यासाठीं लोकांनीं १९६० पासून १९६९ पर्यंत डोंगर फोडून कालवा आणला. गळ्यासाठीं पेकिंगहून वैद्यांचीं पथकें आलीं. एका चिनी वैद्यानें लहानसा फुगा गिळावयास लावून, तो फुगवून हळूच वर ओढून, अन्ननलिकेच्या पेशी खरवडून आणण्याची युक्ति काढली. तिच्यामुळें खेड्यांतील लोकांची गांवोगांव तपासणी शक्य झाली. आश्चर्य असें कीं, तेथील कोंबड्यांनाहि घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होत असे. माणसाच्या घरचें उष्टें खाणारा पक्षी माणसाच्याच रोगानें मरतो, हें पाहिल्यावर शंका अन्नाकडे न वळती तरच नवल. अन्न होतें मका, बाजरीसारखीं भरड धान्यें, रताळीं आणि बुरशी येईपर्यंत मुरविलेल्या भाज्या. ताजीं फळें क्वचितच. रक्ततपासणींत कित्येक जीवनसत्त्वांची व खनिजांची उणीव दिसून आली. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तंबाखू व मद्य हीं तेथें ह्या रोगाचीं प्रधान कारणें नव्हतीं.

उणिवेच्या सिद्धान्तास ह्याहून अनुकूल भूमि जगांत कोठेंहि मिळाली नसती. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था व चिनी वैद्य ह्यांनीं मिळून तेथें दोन प्रयोग मांडले. पहिला अशा ३,३१८ लोकांवर झाला कीं, ज्यांच्या अन्ननलिकेंत कर्करोगापूर्वींचा बिघाड आधींच दिसला होता. त्यांतील अर्ध्यांस सहा वर्षें रोज चौदा जीवनसत्त्वें व बारा खनिजें, उरलेल्यांस दिसण्यांत तशीच पण निःसत्त्व गोळी. दुसरा प्रयोग सर्वसाधारण लोकांचा. ४० ते ६९ वर्षांच्या २९,५८४ स्त्रीपुरुषांचा. १९८६ च्या मार्चपासून १९९१ च्या मेपर्यंत, सवापांच वर्षें, तो चालला. चार मिश्रणें ठरविलीं होतीं: 'अ' जीवनसत्त्व व जस्त, रिबोफ्लेविन व नायसिन, 'क' जीवनसत्त्व व मॉलिब्डेनम, आणि बीटा-कॅरोटीन, 'ई' जीवनसत्त्व व सेलेनियम. कोणास कोणतें मिश्रण मिळतें आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नव्हतें. खेड्यांतील माणसांनीं नव्वद टक्क्यांहून अधिक गोळ्या इमानानें घेतल्या. आपल्याकडे सात दिवसांचें औषध चौथ्या दिवशीं सोडणारे आपण, त्या शेतकऱ्यांपुढें मान लवविलीच पाहिजे.

१९९३ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण लोकांच्या प्रयोगांत २,१२७ माणसें मेलीं होतीं, आणि त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा अन्ननलिकेच्या वा जठराच्या कर्करोगानें मेला होता. चौथें मिश्रण घेणाऱ्यांत एकंदर मृत्यु ९ टक्क्यांनीं कमी भरले, कर्करोगाचे १३ टक्क्यांनीं, आणि जठराच्या कर्करोगाचे २१ टक्क्यांनीं. उरलेल्या तीन मिश्रणांनीं मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मृत्यु? चौथ्या मिश्रणानेंहि ते अवघे ४ टक्क्यांनीं कमी. म्हणजे गणिताच्या दृष्टीनें योगायोगांत जमा. बिघाड आधींच झालेल्यांच्या प्रयोगांत सव्वीस द्रव्यांच्या गोळीनें ह्या मार्गाच्या कर्करोगमृत्यूंत ८ टक्क्यांचा फरक दिसला. तोहि योगायोगाच्याच मर्यादेंतला.

कथा येथें संपत नाहीं. गोळ्या बंद झाल्यावरहि दहा वर्षें त्या माणसांचा मागोवा घेतला गेला आणि २००९ मध्यें पुढील हिशेब आला. चौथ्या मिश्रणाचा एकंदर मृत्यूंवरील व जठराच्या कर्करोगावरील लाभ कांहीं अंशीं टिकून होता. अन्ननलिकेच्या बाबतींत मात्र एक विलक्षण भेद दिसला. प्रयोगाच्या आरंभीं ज्यांचें वय ५५ च्या आंत होतें त्यांच्यांत ह्या कर्करोगाचे मृत्यु १७ टक्क्यांनीं कमी, आणि ५५ वा त्याहून अधिक वयाच्यांत १४ टक्क्यांनीं जास्त. ज्या शरीरांत रोगाचें बीज अद्याप रुजलें नव्हतें तेथें पोषणानें शरीर राखिलें, आणि जेथें तें रुजलें होतें तेथें त्याच पोषणानें कदाचित् बीजासच खत घातलें, असा अर्थ त्यावरून संभवतो. चहाबरोबर गोळी घेणारीं आमच्या घरांतील माणसें बहुधा पंचावन्नच्या पुढचींच असतात, ही गोष्ट हा आंकडा वाचतांना आमच्या मनांतून जाईना.

लिन्शिएनचे लोक भुकेले होते. पोटभर खाणाऱ्यांचें काय? त्याचें उत्तर फिनलंडांत मिळालें. तेथें २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांस बीटा-कॅरोटीन वा 'ई' जीवनसत्त्व दिलें गेलें, आणि १९९४ मध्यें असें आढळलें कीं, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनीं अधिक झाला. अमेरिकेंतील तशाच दुसऱ्या प्रयोगांत ही वाढ २८ टक्के दिसली, आणि तो १९९६ मध्यें मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. गाजर खाणारांत कर्करोग कमी आढळतो हें खरें. परंतु गाजरांतून एक द्रव्य वेंचून तें धूर गिळणाऱ्याच्या पोटांत घातलें म्हणजे गाजराचा गुण येतो, हें खोटें ठरलें.

आपल्या देशांतहि तंबाखू-सुपारी चघळणाऱ्यांवर असे प्रयोग झाले आहेत. केरळांतील प्रयोगांत तोंडांत पांढरे चट्टे असलेल्यांस वर्षभर औषध दिलें. 'अ' जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकीं ५२ टक्क्यांचे चट्टे पूर्ण गेले, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांपैकीं ३३ टक्क्यांचे, आणि निःसत्त्व गोळी घेणाऱ्यांपैकीं १० टक्क्यांचे. येथवर वाचणारास वाटेल कीं, किल्ली सांपडली. परंतु गोळ्या थांबतांच 'अ' जीवनसत्त्वानें बऱ्या झालेल्यांपैकीं दोनतृतीयांशांचे, आणि बीटा-कॅरोटीनवाल्यांपैकीं निम्म्यांचे चट्टे परत आले. 'अ' जीवनसत्त्व मोठ्या मात्रेंत जन्मभर देतां येत नाहीं. तें यकृतास बाधतें, आणि गर्भवतीच्या पोटांतील मुलास तर फारच.

ह्याच चट्ट्यांवर दुसरा एक उपाय मुंबईच्या मंडळींनीं करून पाहिला, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्याचा गवगवा फारच थोडा झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉक्टर फली मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रथम पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ खेडूतांचीं तोंडें तपासून १९७२ मध्यें त्याचा अहवाल दिला. (एक लाख तोंडें! मिश्रीचे काळे दांत, तंबाखूची गोळी ठेवण्याची गालाची खांच, कुठें पांढरा चट्टा, कुठें आंखडलेला गाल. हें काम करणाऱ्यांचा धीर सामान्य नव्हे.) पुढें केरळ, गुजरात व आंध्र ह्यांतील तीन जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार तंबाखूसेवकांकडे त्यांचीं पथकें वर्षानुवर्षें जात राहिलीं, गोळी घेऊन नव्हे, तर समजूत घेऊन. तोंड तपासावयाचें, त्यांत काय दिसतें तें त्यासच सांगावयाचें, आणि सोडण्याचा आग्रह धरावयाचा. ज्यांनीं सोडलें वा कमी केलें त्यांच्यांत नवे चट्टे स्पष्टपणें कमी उठले. गोळीनें जें बारा महिने टिकलें तें येथें संवय सुटल्यानें साधलें, आणि खर्च बोलण्याचा व चालण्याचा.

आतां पुन्हा गडचिरोलीस येऊं. डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग हे १९८६ पासून तेथें 'सर्च' ही संस्था चालवीत आहेत. तेथील लोकांस काय हवें हें पुण्या-मुंबईस बसून ठरवूं नये, त्यांनाच विचारावें, ही त्यांची रीत. विचारिलें तेव्हां स्त्रियांनीं दारूचें नांव घेतलें. त्यांतून जें आंदोलन उभें राहिलें त्यामुळें १९९३ मध्यें जिल्ह्यांत दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरांतहि स्त्रिया त्याच मागणीसाठीं २०१० मध्यें चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायीं गेल्या. तेथें २०१५ मध्यें बंदी आली आणि २०२१ मध्यें उठली. मद्य व तंबाखू हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे अन्ननलिकेस होणारा धोका नुसती बेरीज होऊन राहत नाहीं, तो गुणाकारानें वाढतो. तेव्हां त्या मोर्चांतील बायांनीं नकळत आपल्या घरच्या पुरुषांच्या अन्ननलिकांचीहि बाजू मांडली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

खर्ऱ्याचें प्रकरण दारूहून अवघड. दारू पिऊन घरीं आलेल्या नवऱ्याचा राग बायकोस येतो. खर्रा खाणाऱ्याचा येत नाहीं, कारण पुष्कळदां तीहि खाते. महाराष्ट्र सरकारनें जुलै २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली व पुढच्या वर्षीं ती सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा ह्यांवर वाढविली. परंतु गुटखा कारखान्यांत होतो, म्हणून त्याला कुलूप लावतां येतें. खर्रा टपरीवर गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांत होतो, त्याला कुलूप कोठें लावणार? २०१६–१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के तंबाखूचे सेवक निघाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व चघळणारे वा घासणारे. त्याच २०१६ मध्यें सरकार, टाटा न्यास व 'सर्च' ह्यांनीं मिळून गडचिरोलींत 'मुक्तिपथ' नांवाचा उपक्रम काढला. गांवानें सभा भरवून विक्री बंद करावयाची, शाळेच्या आवारांतून पुडी घालवावयाची, आणि व्यसनी माणसास उपचार मिळवून द्यावयाचा, अशी त्याची रचना आहे.

ह्या प्रदेशांत पोषणाची उणीव नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ती आहे, आणि लिन्शिएनचा १७ टक्क्यांचा आंकडा तरुण शरीरांस पोषण मिळण्याचें महत्त्वच सांगतो. परंतु लिन्शिएनमध्यें रोगाचें मूळ ताटांत होतें, तरी गोळीनें अन्ननलिकेचा रोग हटला नाहीं. येथें मूळ गालांत धरलेलें आहे. डाळ, शेवग्याचा पाला, अंडें, रानांतील फळें हीं मुलांच्या पोटांत गेलींच पाहिजेत. तीं कर्करोगाच्या भीतीनें नव्हे, तीं मुलें आहेत म्हणून. आणि पुडीवर रोज जाणारे पैसे त्याच घराच्या डाळीचे असतात, हें सांगण्यास पंडित नको.

सुपारीनें गाल आंखडूं लागले म्हणजे तोंड पूर्ण उघडत नाहीं. तें ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. आपलींच तीन बोटें एकमेकांस जुळवून, उभीं धरून, वरच्या व खालच्या दांतांमध्यें घालून पाहावयाचीं. तीं गेलीं नाहींत तर तोंड आंखडूं लागलें आहे असें धरून डॉक्टरास दाखवावें. गडचिरोलीच्या शाळांत मुलांस हें करून पाहावयास सांगण्यास अर्धा तास पुरेल. खर्रा खाणाऱ्या पोरांस आपलें तोंड किती उघडतें हें बहुधा प्रथम त्या वेळींच कळेल.